पाण्याची कसोटी

विमानाच्या खिडकीतून पंखाकडे पाहिले की रिव्हेटांच्या रांगा दिसतात आणि सगळे विमान या रिव्हेटांच्या जोरावरच एकसंध राहिले आहे असे वाटते. पत्र्याची आतली बाजू प्रवाशाच्या नजरेस पडत नाही. तिथे पत्र्याला ताठ ठेवणाऱ्या लांबच लांब पट्ट्या असतात, दारे-खिडक्यांभोवतीचे दुहेरी थर असतात, पोळ्याच्या जाळीचा गाभा असलेले फलक असतात. कित्येक विमानांत यातले बरेच भाग चक्क चिकटवलेले आहेत. कागदाइतक्या पातळ राळेच्या थरावर धातूचे दोन पत्रे वर्षानुवर्षे ओढाताण सोसतात, उणे पन्नास अंशांची थंडी आणि धावपट्टीवरचे ऊन झेलतात.

या विद्येचा इतिहास बहुधा राळेचा इतिहास म्हणून सांगितला जातो. कोणी कोणते रसायन शोधले, ते किती किलो भार पेलते, वगैरे. पण ज्यांनी हे काम आयुष्यभर केले त्यांना विचारले तर ते राळेआधीच्या तासाभराबद्दल बोलतात. पत्रा धुतला कसा, आम्लात किती वेळ ठेवला, कोणत्या पाण्याने खळबळला, त्यानंतर त्याला कोणाचा हात लागला का. सांधा टिकणार की सुटणार हे त्या तासाभरात ठरते. हे कळायला माणसाला साधारण तीस वर्षे लागली, आणि ते अंगी बाणायला एक अपघात घडावा लागला.

सुरुवात इंग्लंडातल्या डक्सफर्ड गावी होते. नॉर्मन डी ब्रुइन हे केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचे फेलो. रदरफर्ड यांच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत त्यांनी भौतिकशास्त्रात संशोधन केले, पण मन विमानांत गुंतले. ते विमान चालवायला शिकले, डक्सफर्डला त्यांनी ‘एरो रिसर्च’ ही छोटी कंपनी उभी केली आणि १९३४ मध्ये ‘स्नार्क’ नावाचे चार आसनी विमान स्वतः बांधले. ते प्लायवुडचे होते. त्या काळात लाकडी विमाने दुधातल्या केसिनच्या सरसाने जोडत. हा सरस ओल धरतो, त्याला बुरशी लागते. डी ब्रुइन यांनी १९३७ मध्ये युरिया-फॉर्मल्डिहाइडची ‘एरोलाइट’ ही राळ बाजारात आणली. पाण्याला आणि बुरशीला ती केसिनपेक्षा कितीतरी चांगली टिके.

चिकटवलेल्या लाकडी सांध्यांचा एक अध्याय आपल्याकडेही घडला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीसाठी डी हॅविलंडची लाकडी मॉस्किटो विमाने भारतात आली. १९४४ च्या उत्तरार्धात त्यांतल्या काहींना अपघात झाले आणि पंख हवेत निखळल्याचा संशय आला. पहिला दोष सरसाला आणि आपल्या पावसाळ्याला लागला. हेरवर्ड डी हॅविलंड स्वतः पथक घेऊन भारतात आले. त्यांच्या अहवालाने सरसाला निर्दोष ठरवले आणि पावसाळी हवेत सांगाड्याच्या लाकडाची मापे बदलल्याचे कारण दिले. त्यानंतरच्या चौकशीने मात्र बोट थेट कारखान्याकडे दाखवले: सांधे नीट जुळवून चिकटवलेच नव्हते. बाहेरून सारखेच दिसणारे दोन सांधे आतून किती वेगळे असू शकतात याचा हा पहिला मोठा धडा. तो लाकडाचा होता म्हणून धातूवाल्यांनी तो फारसा मनावर घेतला नाही.

लाकूड जोडणे त्या मानाने सोपे. लाकडाला रंध्रे असतात, सरस आत मुरतो आणि तिथेच सुकतो. धातूला असा आसरा नाही. त्यात धातूवर जमणाऱ्या राळा कडक झाल्या की ठिसूळ होत आणि एका धक्क्यात तडकत. डी ब्रुइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये यावर तोड काढली. पत्र्यावर आधी फिनॉल-फॉर्मल्डिहाइडची द्रवरूप राळ फासायची, ती ओली असतानाच तिच्यावर पॉलिव्हिनाइल फॉर्मलची पांढरी पूड भुरभुरायची, जादाची पूड झटकून टाकायची आणि दोन्ही पत्रे एकत्र दाबून भाजायचे. उष्णतेत पूड वितळून राळेत मिसळते. राळ चिकटते, पुडीमुळे सांध्याला चिवटपणा येतो. ‘रिसर्च अ‍ॅट डक्सफर्ड’ या शब्दांवरून तिचे नाव पडले ‘रेडक्स’.

रेडक्स पहिल्यांदा कामाला आली ती रणगाड्यांत, क्लचच्या तबकड्यांना घर्षणाचे अस्तर चिकटवण्यासाठी. जुलै १९४४ मध्ये डी हॅविलंडचे हॉर्नेट विमान उडाले. त्याच्या पंखात लाकूड आणि अ‍ॅल्युमिनियम रेडक्सने जोडले होते. पुढच्याच वर्षी आलेल्या डव्ह विमानात धातूला धातू जोडला गेला. हेच डव्ह ‘डेव्हन’ या नावाने भारतीय हवाई दलात अनेक वर्षे होते. १९४९ मध्ये उडालेल्या कॉमेट या पहिल्या जेट प्रवासी विमानाच्या सांगाड्यातही रेडक्सचा सढळ वापर झाला.

रिव्हेट सोडून राळेकडे वळण्याचे कारण साधे होते. रिव्हेट बसवायचा म्हणजे पत्र्याला भोक पाडायचे. पत्रा ताणला गेला की सगळा ताण त्या भोकाच्या कडेला एकवटतो आणि तडा तिथूनच जातो. चिकटवलेल्या सांध्यात हाच भार सांध्याच्या सगळ्या रुंदीवर वाटला जातो. वजन वाचते, बाहेरचा पृष्ठभाग गुळगुळीत राहतो, पट्टी आणि पत्रा यांच्या फटीत पाणी शिरायला वाव उरत नाही. हे शेवटचे कलम सांधा शाबूत असेपर्यंतच खरे असते. तो एकदा सुटू लागला की तीच बंद फट गंजाचे घर बनते.

धातूच्या पृष्ठभागाचे पहिले पाठ मात्र राळेसाठी लिहिलेच गेले नव्हते. अ‍ॅल्युमिनियममध्ये थोडे तांबे मिसळून केलेले ड्युराल्युमिन हलके आणि मजबूत, पण त्याच तांब्यामुळे खाऱ्या पाण्यात ते लवकर कुरतडले जाई. समुद्रावर उतरणाऱ्या विमानांचे तरंगते भाग सडत. बेंगॉ आणि स्ट्यूअर्ट या दोन इंग्रज संशोधकांनी १९२३ मध्ये त्यावर उपाय शोधला. भाग क्रोमिक आम्लात बुडवायचा, त्याला विजेचे धन टोक जोडायचे आणि प्रवाह सोडायचा. धातूवर त्याच्याच ऑक्साइडचा जाड, घट्ट थर चढतो. हे अ‍ॅनोडायझिंग गंजापासून राखण करण्यासाठी होते. वीस-पंचवीस वर्षांनी लक्षात आले की हाच थर राळेलाही उत्तम धरून ठेवतो.

हे नेमके हेरले हॉलंडमधल्या फोकर कंपनीने. रॉब श्लीकेलमान या अभियंत्याने डक्सफर्डची विद्या तिकडे नेली आणि राळ लावण्याआधी क्रोमिक आम्लाचे अ‍ॅनोडायझिंग करण्याची शिस्त लावली. नोव्हेंबर १९५५ मध्ये उडालेले फोकर एफ-२७ फ्रेंडशिप हे या पद्धतीने घडलेले विमान. इंडियन एअरलाइन्सने साठच्या दशकापासून ही विमाने चालवली. वर पंख असलेले ते फोकर जुन्या पिढीच्या प्रवाशांना आजही आठवते. किनारी आणि पावसाळी देशांत ती विमाने वर्षानुवर्षे उडाली. त्यांच्या दीर्घायुष्यात त्या अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीचा वाटा मोठा आहे.

अमेरिकेने दुसरी वाट धरली, आणि ती वाट एका लाकडाच्या प्रयोगशाळेतून निघाली. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात अमेरिकी वनखात्याची फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरी आहे. महायुद्धात प्लायवुडच्या विमानांसाठी सरसाचे काम तिच्याकडे आले, तिथून लाकूड धातूला जोडण्याचे आणि पुढे धातूला धातू जोडण्याचे. वजनाने ३० भाग पाणी, १० भाग तीव्र सल्फ्युरिक आम्ल आणि १ भाग सोडियम डायक्रोमेट, हे नारिंगी द्रावण साधारण ६५ अंशांपर्यंत तापवायचे आणि अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा त्यात काही मिनिटे बुडवायचा. प्रयोगशाळेच्या आद्याक्षरांवरून या कृतीला ‘एफपीएल’ म्हणू लागले. ती वीज न लागणारी, झटपट आणि स्वस्त होती. सुक्या तुकड्यांवर चाचणी घेतली की सांधे दणकट भरत. अमेरिकेतल्या विमान कारखान्यांनी तीच धरली.

फसगत झाली ती चाचणीत. त्या काळची मान्य चाचणी अशी: दोन पट्ट्यांची टोके एकमेकांवर चिकटवायची, यंत्रात धरून ओढायची आणि सांधा किती भाराला तुटतो ते मोजायचे. ताज्या, कोरड्या सांध्याचा आकडा जवळजवळ नेहमीच चांगला येतो, कारण त्या घटकेला राळेचेच बळ मोजले जाते. पाच पावसाळ्यांनंतर तो सांधा कसा असेल हे त्या आकड्यातून कळत नाही. साठच्या दशकात अशा सांध्यांची विमाने आणि हेलिकॉप्टरे व्हिएतनाम युद्धासाठी आग्नेय आशियात गेली आणि तिथल्या उष्ण, दमट हवेने हे उघड केले. फलक सुटू लागले, जाळीच्या गाभ्यात पाणी साचू लागले. प्रवासी विमानांच्या पत्र्यांतही तीच लक्षणे दिसू लागली. सुटलेला सांधा उघडून पाहिला की सगळी राळ एका बाजूला अखंड आणि दुसऱ्या बाजूला उघडा, चकाकता धातू. राळ तुटलीच नव्हती. तिच्या पायाखालची जमीन सरकली होती.

असे का व्हावे हे समजायला आपल्याकडची कल्हई आठवावी. कल्हईवाला भांडे घासतो, भट्टीवर तापवतो, नवसागराची पूड टाकून फडक्याने फिरवतो आणि मगच कथील लावतो. नवसागराच्या धुराने तांब्या-पितळेवरचा ऑक्साइड उडून जातो आणि उघड्या धातूवर कथील सर्रकन पसरते. नवसागर न टाकता कथील लावले तर ते थेंब होऊन घरंगळते. अ‍ॅल्युमिनियमची अडचण याच्याही पुढची. त्यावरचा ऑक्साइड काढला तरी हवा लागताच क्षणात नवा तयार होतो. म्हणजे राळ शेवटी ऑक्साइडलाच चिकटणार. तेव्हा काम दोन पायऱ्यांचे होते. कारखान्यातून आलेला तेलकट, अशुद्ध, ठिसूळ थर काढायचा आणि त्या जागी आपल्याला हवा तसा थर स्वतः उगवायचा.

एफपीएलच्या टाकीत असा थर उगवत होता, पण तो फार पातळ होता आणि पाण्यापुढे दुबळा होता. राळेतून ओल हळूहळू झिरपतेच. कोणतीही राळ तिला कायमची अडवू शकत नाही. ओल ऑक्साइडपर्यंत पोचली की त्याचे हायड्रॉक्साइड होते, ते फुगते आणि खालच्या धातूवर त्याची पकड राहत नाही. त्यात अमेरिकेत वापरात होता तो शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ मुलामा दिलेला पत्रा. हा मुलामा स्वतः गंजून आतल्या मिश्रधातूला वाचवतो. उघड्या पत्र्यावर ही गोष्ट वरदानासारखी. सांध्यात तोच मुलामा आधी गंजतो आणि राळेसकट सुटून येतो.

हे कोडे बोइंग कंपनीतल्या आर्थर मार्सो, रुबिन फर्मिन्हॅक आणि युकिमोरी मोजी यांनी सत्तरच्या दशकात सोडवले. क्रोमिक आम्लाऐवजी त्यांनी फॉस्फरिक आम्ल घेतले. त्याच्या सौम्य द्रावणात, खोलीच्या तापमानाला, अवघ्या १० व्होल्टवर २० ते २५ मिनिटे अ‍ॅनोडायझिंग करायचे. १९७८ मध्ये या पद्धतीचे पेटंट त्यांना मिळाले. तितकेच मोलाचे काम त्यांनी चाचणीवर केले. दोन चिकटवलेल्या पत्र्यांतून २५ मिलिमीटर रुंदीची पट्टी कापायची आणि तिच्या टोकाला, राळेच्या ओळीत, धातूची छोटी पाचर ठोकायची. सांधा थोडा उकलतो. भेग कुठवर गेली तिथे खूण करायची आणि ती पट्टी उष्ण, दमट पेटीत ठेवायची. तासाभराने पुन्हा खूण करायची. पहिली खूण राळेबद्दल सांगते, दुसरी पृष्ठभागाबद्दल. वाईट तयारीच्या पट्टीत भेग भराभर पुढे धावते आणि मागे स्वच्छ धातू उघडा पडतो. चांगल्या पट्टीत ती जेमतेम हलते आणि दोन्ही पत्र्यांवर राळ शिल्लक राहते. कोरड्या चाचणीत सारखेच गुण मिळवणारे पत्रे पाचरीच्या चाचणीत उजवे-डावे दिसू लागले. सांध्यावर ताण असताना त्याला पाणी पाजायचे, हा तिचा गाभा आहे, आणि या विद्येतले मोठे वळण मी त्यालाच मानतो.

फॉस्फरिक आम्लाच्या या टाकीवर काम कसे चालते ते जवळून पाहण्यासारखे आहे. पत्रा आधी द्रावकाने पुसून, मग अल्कलीच्या गरम पाण्यात धुऊन तेलमुक्त करतात. खळबळून बाहेर काढल्यावर तो उभा धरतात आणि अर्धा मिनिट नुसते पाहतात. पाण्याची अखंड चादर पत्र्यावर टिकली तर तो स्वच्छ. कुठे ती चादर फाटून थेंब जमले तर तिथे अजून तेल आहे, आणि पत्रा परत धुण्याला जातो. मग जुना ऑक्साइड काढण्यासाठी आम्लाची टाकी, पुन्हा पाणी आणि मग अ‍ॅनोडायझिंग. इथे घड्याळ महत्त्वाचे. वीज बंद झाली की लगेच, मिनिट-दोन मिनिटांच्या आत, पत्रा बाहेर काढून पाण्याखाली धरावा लागतो, कारण प्रवाह थांबताच तेच आम्ल नुकताच उगवलेला थर विरघळवू लागते. खळबळण्याचे पाणीही साधे चालत नाही. नळाच्या पाण्यातले क्षार थरात अडकून बसू नयेत म्हणून ते क्षारमुक्त केलेले असते.

पत्रा सुकला की डोळ्याला तो जवळजवळ कोराच दिसतो. अ‍ॅनोडायझिंग झाले आहे की नाही, हे ठरवायचे कसे? तपासनीस पत्र्याकडे अगदी तिरप्या कोनातून पाहतो आणि डोळ्यासमोर ध्रुवण काच धरून ती फिरवतो. थर नीट असेल तर पत्र्यावर जांभळा, पिवळा, निळा, हिरवा असा फिका रंग उमटतो आणि काच ९० अंशांत फिरवली की त्याच्या विरोधी रंगात बदलतो. रंग बदलला नाही तर तिथे थर नाही. वीज नीट न पोचलेला कोपरा, आकडीखाली राहिलेली जागा, कोणाचे तरी बोट लागलेला ठिपका, सगळे या काचेत उघडे पडते. मग पांढरे हातमोजे घातलेल्या हातांनी पत्रा उचलायचा आणि काही तासांच्या आत त्यावर गंजरोधक प्राइमरची अडीच ते साडेसात मायक्रॉनची फवारणी करून भाजायची. हा प्राइमर चढला की पृष्ठभाग सुरक्षित झाला. पुढे राळेची पट्टी लावायला सवड मिळते.

हा थर इतका चांगला का, याचे चित्र १९७९ च्या सुमारास दिसले. बाल्टिमोरमधल्या मार्टिन मॅरिएटा प्रयोगशाळेत जॉन व्हेनेबल्स आणि सहकाऱ्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हे थर पाहिले. एफपीएलच्या थरावर इवली छिद्रे आणि सुमारे ४० नॅनोमीटर लांबीची लव होती. फॉस्फरिक थरात जवळजवळ ४०० नॅनोमीटर उंचीची षटकोनी कप्प्यांची रांग आणि तिच्यावर १०० नॅनोमीटर लांबीचे काटे होते. प्राइमर त्या कप्प्यांत उतरतो, काट्यांभोवती घट्ट बसतो, आणि राळ व ऑक्साइड यांचे एकच जाळे होते. मुलामा, कल्हई, रंग यांत एक थर दुसऱ्यावर बसतो. इथे दोघे एकमेकांत गुंततात. आणखी एक गोष्ट लक्षात आली. ऑक्साइडच्या पृष्ठावर फॉस्फेटचा एक अणुमात्र थर राहतो आणि पाण्याने होणारा बिघाड तोच लांबवतो. बळ आणि टिकाऊपणा, दोन्हींचे उत्तर एकाच टाकीत होते.

अशाच प्रयोगशाळांच्या कामातून टाक्यांचे आणखी काही गुण-दोष उलगडले. एफपीएलच्या कोऱ्या द्रावणात चांगला थर बसत नाही, त्यात थोडे अ‍ॅल्युमिनियम आणि तांबे विरघळलेले असावे लागते. म्हणून नवी टाकी भरली की तिच्यात तांबेयुक्त मिश्रधातूचे तुकडे मुद्दाम विरघळवण्याची रीत आली. फ्लोराइडचा अंश मिसळला तर थर बिघडतो, हेही दिसले. रसायनाच्या कृतीत न लिहिलेल्या अशा गोष्टींनी किती सांधे बिघडवले असतील ते आता सांगता येत नाही, पण त्यानंतर टाकीचे पाणी नियमित तपासणे हा कामाचाच भाग झाला.

१९७५ मध्ये अमेरिकी हवाई दलाने मॅक्डॉनेल डग्लस कंपनीकडे एक मोठा प्रकल्प सोपवला. इंग्रजी आद्याक्षरांनी तो ‘पॅब्स्ट’ म्हणून ओळखला जातो. विमानाच्या धडाचा पूर्ण आकाराचा भाग मुख्यतः चिकटवून बांधायचा आणि त्याला विमानाच्या आयुष्याहून कितीतरी अधिक वेळा दाब देऊन पाहायचा. पृष्ठभागाच्या तयारीसाठी त्यांनी फॉस्फरिक अ‍ॅनोडायझिंग निवडले, मुलाम्याचा पत्रा सांध्यातून काढून टाकला आणि प्राइमर सक्तीचा केला. धड टिकले. नीट तयार केलेल्या धातूवरचा सांधा भरवशाचा असतो, हे सिद्ध झाले.

पण जुनी विमाने उडतच होती. बोइंगच्या ७३७ विमानांत सुरुवातीला धडाच्या पत्र्यांचे आडवे सांधे एका ‘थंड’ राळेने जोडत. कापडात मुरवलेली ही राळ खोलीच्या तापमानालाच कडक होई, म्हणून वापरापूर्वी ती बर्फासारख्या थंडीत साठवत. पुरेशी गरम न करता लावली तर कारखान्याच्या हवेतली वाफ तिच्यावर दवासारखी जमे. फार वेळ बाहेर राहिली तर लावण्याआधीच घट्ट होई. ओल, मळ, आधीच सुकलेली राळ, यांमुळे काही जागी पत्रा धरलाच गेला नव्हता. सांध्यात रिव्हेटांच्या तीन रांगाही होत्या, पण पातळ पत्र्यात रिव्हेटाचे डोके बसावे म्हणून भोके वरून रुंद केलेली होती आणि त्यामुळे त्यांच्या कडा धारदार झाल्या होत्या. राळ भार उचलते आहे तोवर या कडांना काही झाले नसते. ही अडचण बोइंगला लवकरच कळली. १९७२ पासून नव्या ७३७ विमानांसाठी ही थंड राळ बंद झाली, आणि जुन्या विमानांची तपासणी करण्याच्या सूचनाही वेळोवेळी निघाल्या.

२८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सचे असेच एक १९६९ मधले ७३७ हवाई बेटांत हिलोहून होनोलुलूला निघाले. बेटांमधल्या छोट्या फेऱ्यांमुळे त्याची सुमारे ९० हजार उड्डाणे झाली होती, आणि ती सगळी खाऱ्या हवेत. प्रत्येक उड्डाणात धड एकदा फुगते आणि एकदा आकसते. २४,००० फुटांवर धडाच्या वरच्या भागाचा जवळपास साडेपाच मीटर लांबीचा तुकडा उडून गेला. हवाई सेविका क्लॅराबेल लान्सिंग बाहेर फेकल्या गेल्या आणि त्यांचा मृतदेह कधीच सापडला नाही. ६५ जण जखमी झाले. वैमानिक रॉबर्ट शॉर्नस्टाइमर आणि मॅडलिन टॉम्पकिन्स यांनी सुमारे १३ मिनिटांत ते फाटके विमान माउई बेटावरच्या काहुलुई विमानतळावर उतरवले आणि इतर सर्वांचे प्राण वाचले.

चौकशीत दिसलेली साखळी स्पष्ट होती. सांध्यात राळ सुटली होती. फटीत खारी ओल शिरली. अ‍ॅल्युमिनियमच्या गंजाला धातूपेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, त्यामुळे पत्रे आणखी फाकले. राळेने उचलायचा भार रिव्हेटांवर आला आणि वरच्या रांगेतल्या भोकांच्या धारदार कडांतून बारीक तडे निघाले. एका दिवशी ते एकमेकांना जाऊन मिळाले. चौकशी मंडळाने मुख्य दोष विमान कंपनीच्या देखभालीला दिला, कारण सुटलेले सांधे आणि तडे तिच्या तपासण्यांत सापडायला हवे होते. या अपघातानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे सगळे शास्त्रच नव्याने बांधले गेले. मला मात्र या साखळीची पहिली कडी विसरता येत नाही: एकोणीस वर्षांपूर्वी कारखान्यात थंड राळेवर जमलेले पाणी. ते कोणाला दिसले नाही, आणि दिसले असते तरी त्या काळच्या मोजमापात त्याला किंमत नव्हती.

या इतिहासाची दुसरी, कमी सांगितली जाणारी बाजू टाकीपाशी उभ्या राहणाऱ्या कामगारांची आहे. बेंगॉ-स्ट्यूअर्टची टाकी असो, एफपीएलचे नारिंगी द्रावण असो की गंजरोधक प्राइमर असो, या सगळ्यांत षट्संयुजी क्रोमियम होते. गंज रोखण्यात त्याला तोड नाही. ओरखडा पडला तरी ते आसपासच्या थरातून झिरपून उघडा धातू झाकते. पण त्याचा धूर आणि फवारा फुफ्फुसांत गेला तर कर्करोग होऊ शकतो. अमेरिकेने २००६ मध्ये कामाच्या जागेवरील हवेत त्याची मर्यादा प्रतिघनमीटर ५ मायक्रोग्रॅमपर्यंत खाली आणली. युरोपात सप्टेंबर २०१७ पासून क्रोमियम ट्रायऑक्साइड खास परवानगीविना वापरता येत नाही. फॉस्फरिक अ‍ॅनोडायझिंगच्या टाकीत क्रोमियम नसते, हा तिचा त्या काळी न ठरवलेला पण आज फार मोलाचा गुण. एअरबसने टार्टारिक आणि सल्फ्युरिक आम्लांच्या मिश्रणाची टाकी आणली, दुरुस्तीच्या जागी हाताने लावता येणारी सोल-जेल द्रावणे आली. क्रोमेटविना तितकाच टिकणारा प्राइमर हे काम मात्र अजून पूर्ण झालेले नाही, आणि ते पूर्ण होणे गरजेचे आहे. प्रवाशांना सुरक्षित ठेवणारा सांधा तो बनवणाऱ्याच्या जिवावर उठत असेल तर ते काम अर्धवटच म्हणायचे.

आज ध्वनिलहरींनी सांध्यातली पोकळी शोधता येते, आत साचलेले पाणी दिसते, सुटलेली कड कळते. पण राळ पत्र्याला नुसती टेकलेली आहे की खरोखर धरून आहे, हे सांधा न तोडता मोजणारे भरवशाचे साधन अजून हाती नाही. म्हणून चांगल्या कारखान्यांत प्रत्येक भागाबरोबर त्याच टाकीतून, त्याच दिवशी, त्याच हातांनी तयार केलेले नमुन्याचे तुकडे जातात. पाचर त्या तुकड्यांत ठोकली जाते, आणि ते टिकले तरच भाग विमानावर चढतो. बाकी सगळी हमी नोंदवहीत असते: द्रावणाची तीव्रता, तापमान, व्होल्टेज, वेळ, खळबळण्याच्या पाण्याची शुद्धता आणि प्रत्येक रकान्यापुढची सही. सांधा बंद झाल्यावर ते काम तपासायला कोणी आत जाऊ शकत नाही. म्हणूनच ते काम करणाऱ्याला पुरेसा वेळ, स्वच्छ टाकी आणि खराब पत्रा परत पाठवण्याचा अधिकार द्यावा लागतो. डक्सफर्डपासून हवाईपर्यंतच्या अनुभवाने विमान उद्योगाला हे शिकवले आहे. पूल, रेल्वेचे डबे आणि बॅटरीवर चालणाऱ्या मोटारी आता राळेने जोडल्या जात आहेत. ते बनवणाऱ्या प्रत्येक कारखान्याने हा धडा अपघात होण्याआधीच गिरवला पाहिजे.